ज्ञानेश्वरी हाताने लिहायला घेतली आणि तेराव्या अध्यायात थांबली. आता तिथूनच पुढे जाता येतं का?

नंदनवनची डबेवाली

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नागपूरला नंदनवनमध्ये राहते. वय ४६. घरून डबे देते, सध्या बावीस आहेत, बहुतेक क्लासेसची पोरं. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते. दुपारचे डबे गेले की दोन तास मिळतात, मग पुन्हा संध्याकाळचा स्वयंपाक.

माझं शिक्षण नववी. दहावीत गेली त्या वर्षी बाबा गेले आणि शाळा सुटली. माहेर भंडारा जिल्ह्यातलं. लग्न होऊन नागपूरला आल्यावर सही आणि किराण्याची यादी, यापलीकडे पेन हातात आलाच नाही. आठ वर्षांपूर्वी माझी मुलगी बारावीला होती. ती रात्री अभ्यासाला बसायची, तिला सोबत म्हणून मीही जागायची. तिनंच एक दिवस दोनशे पानी लांब रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, आई, नुसती बसून राहू नको, तूही काही लिही.

काय लिहायचं हा प्रश्न पडला नाही. सासूबाई रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचायच्या. डोळे अधू झाल्यापासून त्यांना पोथीची बारीक अक्षरं दिसेनात. पोथी मांडीवर उघडी ठेवायच्या आणि आठवतील तेवढ्या ओव्या म्हणायच्या. मला वाटलं, आपण मोठ्या अक्षरात लिहून द्यावी. कार्तिकी एकादशीला आधी टेकडी गणपतीला जाऊन आली, मग घरी देवापुढे तळहातावर पाणी घेतलं आणि उदक सोडलं. अठराही अध्याय लिहीन असं मोठ्यानं म्हटलं. आणि मनात, कोणालाच न सांगता, आणखी एक म्हटलं. हे पुरं झालं की १७ नंबरचा फॉर्म, शाळेत न जाता परीक्षेला बसणाऱ्यांचा, तो भरून दहावीला बसीन.

पहिल्या रात्री अकरा ओव्या झाल्या आणि बोटं आखडली. 'ज्ञ' काढता येईना. ज्ञानेश्वरी लिहायला बसली आणि 'ज्ञ'च येत नाही, रडूच आलं होतं. मुलीनं हात धरून गिरवून घेतला. तिच्या लहानपणी मी तिचा हात धरला होता ना, अगदी तसाच. सहावा अध्याय येईपर्यंत हात बसला. एका पानावर दहा ओव्या, एक ओळ सोडून. सासूबाई भिंग घेऊन नवव्या अध्यायापर्यंत माझ्याच अक्षरातून वाचत आल्या होत्या. 'शाळेत गेलेल्या बायकांचं अक्षर असतं तसं आहे तुझं,' म्हणाल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला. शाळेची व्हॅन चालवायचे. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दोन महिने दवाखाना, मग घरी. तेव्हा डबे नऊ होते, ते वाढवणं भागच होतं. त्या आठवड्यात तेराव्या अध्यायाची ६१२वी ओवी लिहून झाली होती. तिसऱ्या रजिस्टरचं पाऊणशेवं पान. नंतर ते रजिस्टर ओट्याजवळच्या फळीवर राहिलं आणि एका सकाळी त्याच्यावर तर्रीचं भांडं कलंडलं. पिवळा-लाल डाग, तेल पार मागच्या चार पानांपर्यंत उतरलं. मी ते पुसलं, लाल फडक्यात बांधलं आणि कपाटावर ठेवून दिलं. त्यावर तिसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या. ज्यांच्यासाठी मोठी अक्षरं काढली त्याच राहिल्या नाहीत.

नात्यातल्या एका जाणत्या बाईंनी मला सांगितलं, 'ग्रंथ अर्धवट टाकला की घराला भोवतो. तूच ओढवून घेतलंस.' मला माहीत आहे, आधी हे पडले आणि मग लिहिणं सुटलं. क्रम मला कळतो. पण रात्री झोपताना तो क्रम उलटा होऊन डोक्यात येतो. चतुर्थीला टेकडीवर जाते, लायनीत उभी राहते, आणि मूर्तीसमोर आली की मान वर होत नाही. शब्द दिला होता ना.

आता विचारते. अर्धवट राहिलेला संकल्प जिथे सुटला तिथूनच पुढे नेता येतो, की पुन्हा पहिल्या ओवीपासून नव्यानं सुरू करावा लागतो? अर्ध्यावर तरी आली आहे का मी, तेही कळत नाही. आणि तेलाच्या डागाच्या पानांचं काय करायचं? तुमच्यापैकी कोणी एखादं मोठं काम मध्येच सोडून वर्षांनी परत धरलं असेल तर पहिल्या दिवशी काय केलं, ते सांगा. मला तो पहिला दिवसच जमत नाही.

महालातला निवृत्त कारकून

ताई, रामकृष्ण हरी. वय ७१, महालात राहतो. मीही ज्ञानेश्वरी हाताने लिहिली आहे आणि मीही मध्ये थांबलो होतो, म्हणून हक्कानं लिहितो.

आधी ते घराला भोवण्याचं. ते मनातून काढून टाका. हे माझं मत म्हणून सांगत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने जे लिहून ठेवलं आहे तेच तुम्हाला दाखवतो. पानाला दहा ओव्या म्हणजे सहावा अध्याय तुमच्या पहिल्याच रजिस्टरच्या शेवटाकडे असणार. तो काढा. त्याच्या शेवटच्या भागात अर्जुन अगदी तुमचाच प्रश्न विचारतो. श्रद्धा होती, सुरुवातही केली, पण प्रयत्न पुरा पडला नाही, मन वाटेत ढळलं, अशा माणसाचं काय होतं? वाऱ्यानं फुटलेल्या ढगासारखा तो इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही राहत नाही का? आणि गीतेत देव त्याला उत्तर देताना 'तात' म्हणून हाक मारतात, बाप लेकराला मारतो तशी. सांगतात की चांगलं करणाऱ्या कोणाचीच दुर्गती होत नाही. पुढे तर म्हणतात, असा माणूस पुन्हा जन्माला आला तरी मागच्या जन्मी जिथवर आला होता त्या बुद्धीशी त्याची गाठ पडते आणि तिथून तो पुढचा प्रयत्न करतो.

जन्म बदलला तरी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही. ताई, तुमची तर फक्त चार वर्षं गेली. मग पुन्हा पहिल्या ओवीपासून का लिहायचं? ६१३ लिहा.

दुसरं, अर्ध्यावर आलात का. आलात, ओलांडलंतसुद्धा. सगळ्या मिळून ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर आहेत. बारावा संपेपर्यंत ४,१३४ होतात, त्यात तुमच्या ६१२ मिळवा. पोथीपोथीत एखाददुसऱ्या ओवीचा फरक असतो, तो सोडून द्या. राहिल्या सुमारे ४,२९०. रोज पाच लिहिल्या तर दोन वर्षं आणि चार महिने. आणि एक सांगतो, तुम्ही वाईट जागी अडकलेल्या नाहीत, अवघड जागी अडकलात. तेरावा ११७० ओव्यांचा आहे, त्याआधीचा बारावा अवघा २४७चा. बारावा हां हां म्हणता संपतो आणि मग हा सामोरा येतो. माझ्या ओळखीत लिहायला घेतलेले तिघे जण या अध्यायात रखडले. पुढे चौदा ते सतरा हे चार मिळून १,९२० होतात. अठरावा एकटाच १८००च्या वर आहे. त्याला वेगळं रजिस्टर घ्या आणि आत्ताच त्याच्याकडे पाहू नका.

तुम्ही जिथे थांबलात तिथे ज्ञानाची लक्षणं चालली आहेत. अमानित्व, अहिंसा, क्षांती अशी एकेक. त्यात स्थैर्य हेही एक आहे, आणि ते तुमच्या ६१२च्या आधी येऊन गेलं. म्हणजे तुम्ही ते लिहून पुढे आला आहात.

आता माझा पहिला दिवस. निवृत्तीनंतर सुरुवात केली. अकराव्यात असताना सौ. गेली. दोन वर्षं वही उघडली नाही. मग एका एकादशीला वही घेतली, पण लिहिलं नाही. शेवटचं लिहिलेलं पान नुसतं मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वाचता वाचता पुढची ओवी पोथीत डोळ्यांसमोर आली आणि ती लिहिली गेली. एकच. समासात तारीख घातली. महिनाभर दोनच्या वर गेलो नाही, हात मागत होता तरी नाही. दुसऱ्या दिवसासाठी भूक शिल्लक ठेवली. सगळं मिळून नऊ वर्षं लागली. आषाढी झाल्यावर विठोबा आपल्या धापेवाड्याला येतो म्हणतात ना, त्या दिवशी बासनात बांधून एसटीनं गेलो आणि त्याच्या पायावर ठेवली. तिथल्या चंद्रभागेच्या घाटावर बसून खूप रडलो. दोन वर्षांच्या खंडाबद्दल मला तिथं कोणी विचारलं नाही.

पान फाडू नका. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९०. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना पाठात किती चुका शिरल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये बसून तो पाठ शुद्ध केला. अशा ग्रंथाला तुमच्या तर्रीच्या डागानं काय होणार आहे? त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटलेली होती, एवढंच तो डाग सांगतो.

इंदोऱ्याची शिक्षिका

ताई, जय भीम. मी बौद्ध आहे. तुमचा ग्रंथ आमच्या घरात वाचला जात नाही, पण तुमचं सगळं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि राहवलं नाही.

दिलेल्या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि आपल्या नागपुरात दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ला. मध्ये एकवीस वर्षं गेली. त्या वर्षांत स्वतंत्र मजूर पक्ष काढला, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळलं, राज्यघटना झाली, कायदेमंत्री झाले, राजीनामा दिला, शरीर पोखरत गेलं. एकवीस वर्षं तो शब्द उभा होता. माझी आजी त्या दिवशी दीक्षाभूमीवर होती, पांढरी साडी नेसून, कडेवर माझे वडील. ती सांगायची की येवल्याचं ऐकलं तेव्हा ती पोरगी होती आणि दीक्षेला आली तेव्हा आई. उशीर झाला असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

दुसरं उदाहरणही त्यांचंच. १९१७ला शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परत यावं लागलं. पण निघताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मुंबईला प्राध्यापकी केली, पैसे साठवले, १९२०ला परत गेले. १९२१ला एम.एस्सी., १९२३ला डी.एस्सी. ती परवानगी घेऊन ठेवणं मला फार मोठं वाटतं. दार लावून घेतलं, पण कडी लावली नाही. तुम्ही रजिस्टर रद्दीत दिलं नाहीत, फडक्यात बांधून ठेवलंत. तेही तसंच आहे.

आमच्याकडे दहा पारमिता सांगतात, म्हणजे पूर्णत्वाला नेत जायचे दहा गुण. त्यात वीर्य आहे आणि अधिष्ठानही आहे. वीर्य म्हणजे नेट लावून केलेला प्रयत्न. अधिष्ठान म्हणजे निश्चयावर ठाम बसणं. विहारात भंतेजी सांगायचे की या दोन्ही सवयीनं वाढतात. एका दिवसात कोणी पूर्ण होत नाही, म्हणून तर त्यांना पारमिता म्हणतात.

एक गोष्ट मात्र पटली नाही, मोठी बहीण समजून ऐका. तुम्ही दहावीला ग्रंथाच्या मागे बांधून ठेवलं आहे. आधी ते पुरं होईल, मग हे. म्हणून एक अडलं की दोन्ही अडतात. ती गाठ सोडा. मी स्वतः सदतीसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. दोन पोरं, घरकाम, आणि गणित. पहिल्या वर्षी गणितात गेली. निकालाच्या दिवशी चपला घालून दीक्षाभूमीवर गेली आणि स्तूपाच्या आत गारव्यात तासभर बसली. दुसऱ्या वेळी ४१ मार्क पडले. मग बारावी, मग डी.एड. आज पोरांना शिकवते. तुम्ही ४,७०० ओव्या हाताने लिहिल्या आहेत. मराठीच्या पेपरला तीन तास लिहायला बसलेल्या कोणत्याही पोरापेक्षा तुमचा हात तयार आहे. ग्रंथ तुमच्या गतीनं चालू द्या आणि फॉर्म यंदाच भरा.

नंदनवनची डबेवाली

काका, ताई, काय बोलू. डबे भरता भरता मुलीकडून वाचून घेतलं, मग एकटी बसून पुन्हा वाचलं. सहावा अध्याय काढला. लिहिताना अर्थाकडे लक्षच गेलं नव्हतं, अक्षर वळणदार यावं याच्याकडेच होतं सगळं. अर्जुनाचा तो प्रश्न माझ्याच अक्षरात आहे हे पाहून अंगावर काटा आला.

एक विचारायचं राहिलं होतं, संकोच वाटत होता. त्याच बाईंनी हेही सांगितलं होतं की बायकांनी महिन्याचे चार दिवस ग्रंथाला शिवू नये, आणि मी लिहिण्याच्या काळात ते नेमानं पाळलं नाही. रात्री लिहायला बसली की लिहायची. तो दोष तरी खरा आहे का?

महालातला निवृत्त कारकून

ताई, मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई, या सगळ्या आपल्या संत. यांच्या आयुष्यात ते चार दिवस नव्हते? जनाबाई दळताना, शेण्या वेचताना नाव घेत होती. तिच्या अभंगांत तर विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. तो दिवस विचारून येत होता असं कुठंही नाही. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तुम्ही रात्री अकराला थकल्या हातांनी ओवी लिहिलीत आणि ती देवाला चालली नाही, हे मी या वयात मान्य करणार नाही. हे आमच्या सौ.नं मला शिकवलं, मीही पूर्वी वेगळं बोलत असे.

सदरची परिचारिका

ताई, मी ख्रिस्ती आहे, सदरला आमचं चर्च आहे. बावीस वर्षं वॉर्डात काम केलं, त्यातली बरीच अर्धांगवायूच्या रुग्णांत. तुमच्या यांच्यासाठी आज प्रार्थना केली.

तुमच्या लिहिण्यावरून मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड टिळक, काही काळ आपल्या नागपुरात होते, इथल्या श्रीमंत बुटींच्या आश्रयाला. पुढे त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं, 'ख्रिस्तायन', आणि १९१९ला ते गेले तेव्हा ते अर्धवटच होतं. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण जवळपास काहीच नाही, लिहिणं-वाचणंही लग्नानंतर घरातच शिकलेल्या. त्यांनी ते हाती घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय लिहून पुरं केलं. ज्याच्यासाठी किंवा ज्याच्याबरोबर काम सुरू केलं तो माणूस निघून गेला तरी काम अनाथ होत नाही. तुमच्या सासूबाईंबद्दल वाचलं तेव्हा हेच मनात आलं. त्या नऊ अध्याय तुमच्या अक्षरातून वाचून गेल्या. आता उरलेलं त्यांच्या नावानं लिहा.

आमच्या शास्त्रात यरुशलेमच्या मंदिराची हकिकत आहे. लोक बाबेलच्या बंदिवासातून परत आले, मंदिराचा पाया घातला, आणि मग विरोधामुळे काम बंद पडलं. पंधरा-सोळा वर्षं तसंच. लोक आपापली घरं बांधण्यात गुंतले. मग दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी हाग्गय आणि जखऱ्या हे संदेष्टे उभे राहिले. जखऱ्यानं सांगितलं की लोकांचा पुढारी जरुब्बाबेल, त्याच्या ज्या हातांनी पाया घातला तेच हात हे काम पुरं करतील, आणि लहानशा सुरुवातीच्या दिवसाला कोणी तुच्छ लेखू नये. चार वर्षांत मंदिर उभं राहिलं. मी नाइट ड्यूटीत हे किती वेळा वाचलं असेल. 'तेच हात' या दोन शब्दांवर माझी बोटं येऊन थांबतात. देवानं नवे, चांगले, न थकलेले हात शोधले नाहीत.

आता नर्स म्हणून एक. यांची वाचा किती परत आली आहे? बोललेलं कळतं का? कळत असेल तर तुमच्याकडे एक मोठं साधन आहे, ते वापरा. अर्धांगवायूनंतर ज्यांना साधं वाक्य जुळवता येत नाही अशा काही रुग्णांना पाठ असलेलं, चालीतलं, यमकाचं बोलणं त्यामानानं सोपं जातं. प्रार्थना, आरती, गाणं. मी वॉर्डात पाहिलं आहे, पाणी मागता न येणारे आजोबा नातीबरोबर आरतीचं धृपद म्हणायचे. वाचाउपचारात एक रीत असते. आपण वाक्य म्हणायचं आणि शेवटचा शब्द रुग्णासाठी सोडायचा. ओवीचे तीन चरण यमकानं जुळतात आणि चौथा आखूड असतो ना? तुम्ही लिहिण्याआधी ओवी त्यांच्यासमोर हळू म्हणा. पहिल्या दोन चरणांचं यमक जोरात, आणि तिसऱ्याच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. दहा सेकंद तरी थांबा, मध्ये शब्द पुरवू नका. आपल्याला तेवढं थांबणंच जमत नाही. आलं तर आलं, नाही आलं तर तुम्ही म्हणा आणि लिहा. चिडले तर त्या दिवशी बंद. उपचार करणाऱ्यांना एकदा विचारूनच सुरू करा, आणि चार वर्षं झाली म्हणून आता काही होणार नाही असं धरून चालू नका.

नंदनवनची डबेवाली

आज सतराव्या दिवशी लिहिते. मुद्दाम थांबली होती, काही झाल्याशिवाय लिहायचं नाही ठरवलं होतं.

काकांनी सांगितलं तसं केलं. लाल फडकं सोडलं. तेलानं पानं एकमेकांना चिकटली होती, सुरी घालून हळूहळू सोडवली. हळद उडाली आहे, डाग आता फिकट बदामी दिसतो. पान पारदर्शक झालं आहे, पलीकडची अक्षरं उलटी दिसतात. पण वाचता येतं. तीन दिवस नुसतं ६०३ ते ६१२ वाचलं. यांच्या खाटेजवळ बसून, मोठ्यानं. यांनी मान वळवली.

सिस्टर, तुमचं फिजिओथेरपीच्या डॉक्टरांना विचारलं. करा म्हणाले, थकवू नका. चौथ्या दिवशी ६१३ म्हटली. तिसऱ्या चरणाच्या शेवटी थांबली. तुम्ही दहा सेकंद म्हणालात, मी मनात मोजले, पंधरा झाले. यांचे ओठ हलले पण आवाज नाही. मी शब्द म्हटला आणि लिहिला. असं आठ दिवस. नवव्या दिवशी ६२१व्या ओवीला यांनी तो शब्द म्हटला. पूर्ण नाही, शेवटची दोन अक्षरं. पण यमक बरोबर होतं. मी पेन ठेवून दिला. यांनीच डाव्या हातानं रजिस्टरकडे बोट केलं, लिही म्हणून.

काल रात्रीपर्यंत ६३० झाल्या. रोज एक, कधी दोन. काका, तारखा घालून राहिली आहे. पहिल्या तारखेच्या आधी, डागाच्या पानाखाली, सासूबाईंचं नाव लिहिलं. मुलगी म्हणाली, आई तुझा 'ज्ञ' विसरली नाहीस.

काल चतुर्थी होती, टेकडीवर गेली. पाहिलं त्याच्याकडे.

ताई, आता तुमच्याकडे काम आहे. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागेल ना? माझा दाखला गावच्या शाळेतून कधी काढलाच नव्हता. भाऊ येत्या सोमवारी शाळेत जाऊन जुनं रजिस्टर पाहायला सांगणार आहे. पण दाखल्यावर माहेरचं नाव येईल आणि आधारवर सासरचं आहे. त्यासाठी लग्नाचा दाखला जोडला की चालतं, की प्रतिज्ञापत्र करावं लागतं? आणि गणिताला कोणतं पुस्तक धरू, तेही सांगा. यांना गणित चांगलं यायचं. व्हॅनच्या डिझेलचा हिशेब तोंडी करायचे.